थांबायला कोण शिकवणार?

पाडव्याच्या दिवशी सकाळी दुचाकीच्या कुठल्याही शोरूमबाहेर तासभर उभं राहावं. नव्या गाड्या ओळीनं लावलेल्या असतात. हँडलला झेंडूच्या माळा, पुढच्या चाकाखाली लिंबू, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. बारावी होऊन कॉलेजात गेलेला मुलगा, कर्जाच्या कागदांवर सह्या करून दमलेले वडील, ओवाळायचं ताट घेऊन आलेली आई आणि मोबाइलवर सगळं टिपणारी धाकटी बहीण असा लवाजमा असतो. शोरूमवाला पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली मुलाच्या हातात देतो, फोटो होतो. मग सेल्समन पाच मिनिटांत आटोपतं घेतो. हा सेल्फ, हा इंडिकेटर, पहिलं सर्व्हिसिंग चुकवू नका, पेट्रोल थोडंच आहे, समोरच्या पंपावर टाकून घ्या. मुलगा किल्ली फिरवतो, लिंबू चिरडत गाडी रस्त्यावर येते आणि वडील मागून हाक देतात, "सावकाश जा रे!"

बहुतेक घरांत मोटारसायकलचं शिक्षण म्हणून काही होत असेल तर ते त्या एका हाकेत उरकतं. त्याआधी काकांच्या किंवा मित्राच्या गाडीवर गल्लीत दोन-चार फेऱ्या झालेल्या असतात. क्लच सोडला, गाडी बंद पडली नाही, चौथ्या गिअरपर्यंत गेली, म्हणजे पोराला 'गाडी येते'. गाडी पळवता आली की ती आली, असं आपण धरून चालतो. ती नेमकी कुठं आणि किती अंतरात उभी करता येते, हे कुणी विचारत नाही. माझी तक्रार या एका गोष्टीची आहे आणि हा सगळा लेख तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आकड्यांचं एकदा बोलून टाकू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंद झालेले मृत्यू ५०,०२९. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी सगळ्या प्रकारच्या रस्ते अपघातांत मिळून १५,२२४ मृत्यू झाले.

माझ्या पिढीची गाडी शिकण्याची एक चढण होती. आधी वडिलांची चोवीस इंची सायकल, तीही नळीखालून पाय घालून. मग लुना. कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली आणलेली ही पन्नास सीसीची, पायडल असलेली गाडी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गानं कॉलेजच्या पोरापोरींपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या हाती दिली. तिच्यावर पडलं तरी ढोपर फुटायचं, त्यापलीकडे सहसा काही होत नसे. पुढे एम-एटी किंवा स्कूटर आली. १९८४च्या कायनेटिक होंडानं गिअरची कटकटच काढून टाकली. मोटारसायकल यायची ती नोकरी लागल्यावर. तोवर रस्त्यावरची पाच-सात वर्षं अंगात मुरलेली असत. खड्डा कुठं असणार, रिक्षा कधी वळणार, एसटीच्या मागून माणूस कसा अचानक पुढे येतो, हे सगळं कमी वेगात शिकून झालेलं असे.

नंतर बाजार बदलला. १९८५ला हिरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० आली, १९९४ला स्प्लेंडर, २००१ला पल्सर. गाड्या चांगल्या झाल्या, कर्ज सोपं झालं. मधल्या पायऱ्या मात्र एकेक करून निघून गेल्या. शाळेत सायकलऐवजी स्कूलबस आणि अठराव्या वर्षी थेट १५० सीसी, असा प्रवास आता नवलाचा राहिलेला नाही.

कायद्यात एक पायरी अजून शिल्लक आहे, पण तिच्यावर उभं राहायला जागा नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ४ प्रमाणे वाहन चालवायला वय अठरा पूर्ण लागतं. अपवाद एकच: पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येते. आता पन्नास सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये शोधून पाहा. मोपेड म्हणून जी विकली जाते, तीही शंभर सीसीची आहे. म्हणजे कायदा सोळाच्या मुलाला परवानगी देतो आणि बाजार त्या परवानगीची गाडीच विकत नाही. विजेवरची, २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी स्कूटर घेतली तर लायसन्स लागत नाही, नंबरप्लेटही लागत नाही. सोळा-सतराच्या मुलांसाठी हा खरोखर बरा मार्ग आहे. अट एकच, 'थोडा स्पीड वाढवून देतो' म्हणणाऱ्या कारागिराकडे ती नेऊ नये. वेग वाढवला की ती कायद्याच्या नजरेत साधं मोटार वाहनच होते आणि मग सगळे नियम लागू होतात.

खेड्यातलं दुखणं वेगळं आहे, त्याकडे शहरातून नाक मुरडणं सोपं. गावापासून ज्युनियर कॉलेज बारा किलोमीटर. सकाळची एसटी सातला, ती चुकली की दुसरी साडेदहाला. सकाळी दूध डेअरीला घालायचं असतं आणि वडील शेतात. मग तेराव्या-चौदाव्या वर्षीच पोरगा बापाची स्प्लेंडर काढतो आणि घरात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट 'पोरगं कामाला आलं' म्हणून कौतुकच होतं. या घरांना नुसता कायदा ऐकवून भागत नाही, त्यांना वेळेवर येणारी एसटी हवी आहे, हे मला मान्य आहे. पण तोच पोरगा संध्याकाळी दोन मित्रांना मागे घेऊन जत्रेला निघतो, तेव्हा दुधाचं कारण संपलेलं असतं.

कायद्याची धार किती आहे, हे पालकांना माहीत असावं म्हणून सांगतो. २०१९च्या दुरुस्तीनं कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. 'मला माहीतच नव्हतं' हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. विम्याचं गणितही आपल्याला वाटतं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या स्वर्णसिंग प्रकरणातल्या निकालापासून न्यायालयांनी अनेकदा घेतलेली भूमिका अशी की, गाडी विनालायसन्स माणसाकडे दिली असेल तर कंपनीनं जखमीला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी. ही रक्कम लाखांत जाते. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्यानंतर जामिनाच्या अटींत त्या मुलाला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देशभर चर्चा झाली. ते दोघं मोटारसायकलवर होते, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडली.

तर मूल अठराचं झालं आहे, लर्निंग लायसन्स काढलं आहे, असं धरून पुढे जाऊ. महाराष्ट्रात २०२१पासून ही परीक्षा आधारच्या मदतीनं घरबसल्या देता येते. सोय चांगली. मात्र घरात कॉम्प्युटरसमोर मुलाशेजारी मोठा भाऊ बसून उत्तरं सांगत असेल, तर ती परीक्षा भावाची झाली, एवढं आई-बापांनी ओळखावं.

शिकवायचं कसं, हे मी सातारा जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या आवारात पाहिलं. लिलावाचा दिवस नव्हता. काँक्रीटचं मोठं मोकळं आवार, कडेला रिकामे गाळे, कोपऱ्यात कांद्याच्या टरफलांचा वाऱ्यानं जमवलेला ढीग. आयटीआयमधून निदेशक म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. गाडी शंभर सीसीची, जुनी, आरसे दोन्ही जागेवर. एरवी गावात नवी गाडी आली की पोरं पहिलं काम करतात ते आरसे काढून माळ्यावर टाकण्याचं.

आजोबांनी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि नातवाला सांगितलं, "ढकल."

"चालू न करता?"

"चालू करून ढकलतात होय रे?"

आवाराला दोन फेऱ्या त्यानं गाडी ढकलत घातल्या, डाव्या बाजूनं चालत, दोन्ही हात हँडलवर. शंभर सीसीची गाडीही एकशे दहा-बारा किलोंची असते. ती किती अंशापर्यंत झुकली तर सावरता येते आणि कुठून पुढे ती आपल्याला घेऊन खाली जाते, हे ढकलतानाच कळतं. चालता चालता आजोबा मध्येच म्हणत, "पुढचा ब्रेक." पोरगा उजव्या हातानं लिव्हर दाबी आणि गाडी जागेवर गप्प उभी राही. तिसऱ्या-चौथ्या वेळी हँडल वळलेलं असताना त्यानं लिव्हर खचकन आवळली, तशी गाडी कलली आणि त्याच्या मांडीवर आली. आजोबांनी हात लावला नाही. "कळलं?" एवढंच विचारलं.

मग इंजिन चालू झालं, पण रेस द्यायची नाही, ही अट. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, दोन्ही पाय जमिनीवर. क्लच हळूहळू सोडत जायचं. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते. तिथं हात थांबवायचा. हाच आपला हाफ क्लच. पोरगा पाय टेकत, बदकासारखा चालत गाडी पुढे नेत होता आणि त्याच जागी पुन्हा क्लच दाबून उभी करत होता. गाडी सहा-सात वेळा झटका खाऊन बंद पडली. दर वेळी न्यूट्रलचा हिरवा दिवा बघून पुन्हा चालू. नवशिक्याच्या बहुतेक गमती-जमती इथंच होतात. घाबरला की तो क्लच सोडून देतो आणि त्याच वेळी उजवी मूठ आवळताना रेस वाढते. गाडी समोरच्या भिंतीला जाऊन भिडते. 'घाबरलास तर आधी क्लच दाब' हे वाक्य पोराच्या हाताला पाठ झाल्याशिवाय त्याला दुसरा गिअर दाखवू नये.

ब्रेकचा धडा आजोबांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. आपल्याकडे घरोघरी एक उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: पुढचा ब्रेक मारायचा नाही, तोंडावर पडशील. सायकलपासून हेच ऐकलेलं असतं. परिणाम असा की आयुष्यभर गाडी चालवलेली कित्येक माणसं फक्त उजव्या पायावर गाडी थांबवतात आणि पुढच्या ब्रेकची केबल गंजून जाते. होतं उलटं. ब्रेक लागला की गाडीचा आणि बसलेल्याचा बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. पुढचं टायर रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकावर जोर काढला की ते घसरतं आणि गाडी आडवी होते. थांबवण्याची निम्म्याहून कितीतरी जास्त ताकद पुढच्या चाकात असते. माणसं तोंडावर पडतात ती पुढचा ब्रेक वापरल्यामुळे नव्हे, तो वळणात, वाळूवर किंवा एकदम हिसका देऊन दाबल्यामुळे. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा लिव्हर हळूहळू वाढत्या दाबानं. एवढं जमलं की झालं.

आजोबांनी खडूनं एक आडवी रेघ मारली आणि पुढे विटेचा तुकडा ठेवला. रेघेवर ब्रेक सुरू करायचा आणि विटेच्या आत थांबायचं. आधी फक्त पायानं, मग दोन्हींनी. पोरानं स्वतः पावलं मोजली आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर लागणारं अंतर जवळजवळ दुप्पट भरलं. कोरड्या रस्त्यावर गणित साधारण असं बसतं: ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात ११ मीटर संपले. दोन्ही ब्रेक नीट लागले तर आणखी दहाएक मीटर. नुसता मागचा लावला तर वीस. फरक एका एसटीच्या लांबीचा आहे. ताशी ६० ला दोन्ही ब्रेक लावूनही एकूण चाळीसेक मीटर लागतात, कारण वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. ही दोन वाक्यं 'सावकाश जा रे'पेक्षा पोराच्या डोक्यात जास्त राहतात, असा माझा अनुभव आहे. निदान विज्ञान शाखेला गेलेल्यांच्या तरी.

१ एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला यासाठी थोडी मदत मिळाली आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की आपण पुढचा ब्रेक वापरत नाही. पण ही सोय आहे म्हणून लिव्हरची सवय सोडली तर अर्धीच ताकद हाती राहते. आणि घरातली गाडी त्याआधीची असेल तर तेवढीही नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. गाडी तिकडे जाते जिकडे आपण बघतो. खड्ड्याकडे टक लावून बघणारा खड्ड्यातच जातो, हे प्रत्येकानं अनुभवलेलं असतं, कारण मात्र कुणी सांगितलेलं नसतं. आजोबा नातवाला अरुंद जागेत यू-टर्न घ्यायला लावत होते आणि पोरगा दर वेळी पुढच्या चाकाकडे बघत पाय टेकवत होता. "खांद्यावरून मागं बघ, त्या गाळ्याच्या शटरकडं." शटरकडं बघितलं आणि गाडी वळली. मधेच एकदा ती टरफलांवर गेली आणि मागचं चाक सुळकन सरकलं, तेव्हा आजोबांनी हसून सांगितलं की हा धडा फुकट मिळाला.

हे सगळं कितीदा करायचं? दररोज थोडं, कंटाळा येईपर्यंत नाही, आणि दमलेल्या पोराला रागावून तर मुळीच नाही. ओरडा खाणाऱ्याचे हात आखडतात आणि आखडलेल्या हातांना क्लच कळत नाही. ज्या बापाला हे जमत नाही त्यानं मामाला किंवा शांत डोक्याच्या शेजाऱ्याला सांगावं, त्यात कमीपणा नाही. नियमही लक्षात ठेवावा: लर्निंगवाल्याच्या मागे फक्त शिकवणारा, तोही पक्कं लायसन्स असलेला, बसू शकतो. मैत्रीण, भाऊ, क्लासचा दोस्त कुणी नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायची पोरांना लाज वाटते. ती लावलेली गाडी दिसली की मागचा रिक्षावालासुद्धा हॉर्न जरा कमी वाजवतो.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. पुण्यात तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटर चालवणाऱ्या मुली हे शहराचं चित्रच झालं आहे, तरी मोटारसायकल शिकवायची वेळ आली की घरातली गाडी मुलाच्याच हाती जाते. बिनगिअरच्या स्कूटरला क्लच नाही, त्यामुळे तिचं शिक्षण एका संध्याकाळी आटोपतं आणि ब्रेकचा धडा तर साफ राहून जातो. तिची चाकं लहान असतात, म्हणून खड्ड्यात ती मोटारसायकलपेक्षा जास्त दगा देते. थांबण्याचा सराव तिलाही तेवढाच हवा. ओढणीचं टोक मागच्या चाकात जाऊन गळ्याला फास बसल्याचे अपघात घडलेले आहेत. ओढणी कमरेला गाठ मारून किंवा जॅकेटच्या आत खोचूनच गाडीवर बसायचं, हे मागे बसणाऱ्या आईलाही सांगायचं. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साडीगार्ड असणं नियमात आहे. पोरं ते 'लूक जातो' म्हणून काढतात, तेव्हा बापानं तोंड उघडावं.

पक्क्या लायसन्सची परीक्षा म्हणजे आरटीओच्या ट्रॅकवरचा इंग्रजी आठ. लर्निंग काढून तीस दिवस झाले की ती देता येते. पाय न टेकवता आठ काढायचा, हात दाखवायचा, झालं. दोन मिनिटांचं काम. आठ काढणं चांगली कसोटी आहे, तोल आणि नजर दोन्ही त्यात तपासले जातात. पण ताशी दहा किलोमीटरला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला पंधरावा नियम काढून वाचा. उमेदवाराला काय काय यायला हवं, याची लांब यादी त्यात आहे. आरशाचा वापर, वळण, इशारे, आणि आणीबाणीत गाडी थांबवता येते का हेही त्यात आहे. कागदावर आहे, ट्रॅकवर मी ते कधी पाहिलं नाही. ब्रिटननं १९९०पासून नवशिक्यांसाठी एक सक्तीचं मूलभूत प्रशिक्षण ठेवलं आहे. मैदानात सराव, त्यात अचानक थांबणं आणि यू-टर्न, मग प्रशिक्षकासोबत प्रत्यक्ष रस्त्यावर किमान दोन तास. ते झाल्याशिवाय शिकाऊ चालकाला रस्त्यावर एकटं सोडत नाहीत. आपल्याकडे मोटार ट्रेनिंग स्कूलच्या बहुतेक पाट्यांवर कारच असते. दुचाकी शिकवायला पैसे मोजायचे असतात, ही कल्पनाच आपल्याला रुचत नाही. ऐंशी-नव्वद हजारांची गाडी घेताना मोबाइल होल्डर आणि क्रॅशगार्डला आपण खुशाल पैसे देतो.

मैदान संपलं की रस्ता, तोही आधी रविवारी पहाटेचा. इथं पोराला आपल्या मुलखाचे रस्ते वाचायला शिकवावे लागतात. पहिल्या पावसात डांबरावरचं साठलेलं तेल वर येतं आणि पहिला अर्धा तास रस्ता साबणासारखा होतो. झेब्रा पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, रेल्वे फाटकाचे रूळ पावसात सरळ ओलांडायचे, त्यांच्यावर वळायचं किंवा ब्रेक मारायचा नाही. बांधकामाजवळच्या वळणावर वाळू असणारच, असं धरून चालायचं. पट्टे न मारलेले गतिरोधक गावाच्या वेशीवर, शाळेपुढे आणि नगरसेवकाच्या घरापुढे असतात. उभ्या एसटीला उजवीकडून ओलांडताना तिच्या पुढून माणूस येणार, आणि डावीकडून ओलांडायचं तर कधीच नाही, कारण तिथं दार उघडतं. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर ड्रायव्हरला आपणही दिसत नाही. दिलेला इंडिकेटर बंद करायला विसरणं हा नवशिक्यांचा खास गुण आहे, त्याला मैदानातच टोकावं.

आणि ऊस. दिवाळी झाली की गाळपाचा हंगाम सुरू होतो आणि पश्चिम महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंतच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. ऊस ट्रॉलीबाहेर लोंबत असतो, मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं झाकलेला. समोरून येणारा अपर मारतो, क्षणभर काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा ट्रॉली समोर उभी असते. ताशी ६० ला थांबायला चाळीस मीटर लागतात, हे इथं आठवायचं. डिपरवरचा उजेड जेमतेम तेवढाच जातो. नव्या पोरानं पहिले सहा महिने रात्री हायवेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'अर्जंट काम होतं' हे कारण ऐकून घ्यावं आणि एसटी किंवा रिक्षाचे पैसे द्यावेत.

हेल्मेटवर पुण्यात बोलणं म्हणजे आग्यामोहोळाला हात घालणं. १ जानेवारी २०१९ला पोलिसांनी सक्ती सुरू केली तेव्हा विरोधात आंदोलनं झाली, ती सगळ्यांनी पाहिली. शहरातल्या गर्दीत वेग असतोच कुठं, मानेला त्रास होतो, केस गळतात, असे युक्तिवाद मी पन्नाशीच्या सुशिक्षित माणसांकडून ऐकले आहेत. त्यांचं त्यांनी बघावं. मुलाच्या बाबतीत ही सूट नाही. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट लागतं. नाही घातलं तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. गाडी घेताना बीआयएस प्रमाणित हेल्मेट कंपनीनं द्यायचं असतं, तेही नियमात आहे, तेव्हा शोरूममध्ये मागून घ्यावं. फूटपाथवर दोनशे रुपयांत मिळतं ती प्लास्टिकची टोपी. १ जून २०२१पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी ढीग लागलेले असतात. हेल्मेट गालांना घट्ट बसलं पाहिजे, डोकं हलवलं की तेही डोक्यासोबत हललं पाहिजे आणि पट्टा लावलेला पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना माणसाच्या आधी निघून जातं. एकदा आपटलं की आतला थर्माकोल दबतो, बाहेरून काही दिसत नाही. ते टाकून नवं घ्यावं. पायात चप्पल असेल तर गाडी काढायची नाही, बूट हवेतच. गिअर टाकताना चपलेचा अंगठा निसटतो आणि पडलं तर घोट्याची हाडं आधी जातात.

गाडी कुठली घ्यायची यावर घरात भांडणं होतात, म्हणून थोडक्यात. पहिली गाडी शंभर ते सव्वाशे सीसीची, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी. जुनी मिळाली तर जास्त बरं, पहिल्या वर्षात ती पडणारच आहे. टायर, चेन आणि पुढचा ब्रेक मेकॅनिककडून तपासून घ्यायचा, हवा दर पंधरवड्याला बघायची. दीडशेच्या पुढची गाडी वर्षभरानंतर. मुलगा रुसेल. बुलेटसाठी हट्ट धरणाऱ्याला ती मेन स्टँडवर लावून दाखव म्हणावं.

सगळ्यात अवघड भाग मात्र मुलाकडे नाही. आपल्याकडचं प्रत्येक पोर गाडी शिकायला सुरुवात करतं ते दोन-तीन वर्षांचं असताना, वडिलांच्या पुढ्यात टाकीवर बसून. वडील सिग्नल तोडतात, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून बोलतात, उलट्या बाजूनं 'इथंच तर जायचंय' म्हणत गाडी घालतात, हे सगळं ते पोर सगळ्यात पुढच्या रांगेतून बघत असतं. १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू झालेल्या नियमानं नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली. असा पट्टा लावलेलं मूल रस्त्यावर मला तरी अजून दिसायचं आहे. पंधरा वर्षं डोळ्यांनी घेतलेलं शिक्षण दोन रविवारांत पुसलं जात नाही. तेव्हा मूल पंधराचं असतानाच बापानं स्वतःच्या गाडीचे आरसे परत लावावेत, पुढचा ब्रेक दुरुस्त करून घ्यावा आणि हेल्मेटचा पट्टा लावायला सुरुवात करावी.

या पाडव्याला ज्यांच्या घरी गाडी येणार आहे त्यांना एकच विनंती. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवस भरले की एजंटचा फोन येतो, 'उद्या आठ काढून टाकू'. त्याला थांबायला सांगा. उरलेले पाच महिने तुमचेच आहेत, कायद्यानं दिलेले आहेत. मुलाच्या मागच्या सीटवर बसून ते पुरेपूर वापरा.